वंचितांचा रंगमंच : वस्तीतल्या मुलांनी रचलेले नाटक

‘वंचितांचा रंगमंच’ हा ठाण्यातील श्रमिक वस्त्यांमधल्या किशोरवयीन व तरुण मुलामुलींचा नाट्य-उपक्रम आहे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांची कल्पना आणि समता विचार प्रसारक संस्थेचा पुढाकार यांतून तो २०१४च्या सुमारास उभा राहिला. वस्त्यांमधले गट आपापल्या नाटिका बसवतात आणि ‘नाट्यजल्लोष’ या महोत्सवात सादर करतात. मुलांच्या हाती तयार संहिता दिली जात नाही. विषय त्यांनी निवडायचा, संवाद त्यांनी रचायचे आणि भूमिकाही त्यांनीच करायच्या, हा या उपक्रमाचा पाया आहे.

मराठी बालरंगभूमीचा प्रवाह मुख्यतः वेगळ्या वाटेने गेला. तिथे नाटक मोठ्यांनी लिहायचे आणि मुलांनी बघायचे, फार तर त्यात काम करायचे. सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९मध्ये ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. ते मतकरींनीच लिहिले होते. पुढे १९६२मध्ये मतकरींनी प्रतिभा मतकरी यांच्यासह स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. ‘निम्माशिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ यांसारखी त्यांची नाटके मुलांच्या पिढ्यांनी पाहिली. १९८६मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने बर्लिनची ‘ग्रिप्स’ रंगभूमी मराठीत आणली. राक्षस-राजकन्येच्या जागी मुलांचे रोजचे प्रश्न आले, पण मुलांच्या भूमिका मोठी माणसेच करीत.

तरुणांनी स्वतः लिहिण्याची परंपराही आहे. पुण्यात १९६३पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत महाविद्यालयीन विद्यार्थी स्वतःच्या एकांकिका घेऊन उतरतात. तिथून पुढे आलेल्यांनी मराठी नाटक-सिनेमा गाजवला. मात्र या दाराशी पोहोचायला महाविद्यालयात प्रवेश असावा लागतो, तिथे नाटकाचे मंडळ असावे लागते आणि दोन-दोन महिने तालमी करण्याइतकी सवड लागते. दहावीनंतर कामाला लागलेला मुलगा किंवा शाळा सुटताच धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी तिथवर पोहोचत नाही. ठाण्याचा उपक्रम सुरू होतो तो याच मुलांपासून.

अशी नाटिका घडते ती आधी कृतीतून आणि मग कागदावर. सुरुवातीच्या भेटी खेळांत जातात. वर्तुळात उभे राहून एकमेकांची नावे हावभावांसह पुकारणे, आरशातल्या प्रतिबिंबासारखी समोरच्याची नक्कल करणे, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असे बोलणे. मुलांचा संकोच गेला की दिग्दर्शक एखादा प्रसंग देतो. समजा, तो नळावरच्या रांगेचा आहे. एक मुलगी मागून येऊन हंडा पुढे सरकवते, दुसरी तो उचलून बाजूला ठेवते आणि भांडण जुंपते. दोन-तीनदा करून पाहिल्यावर दिग्दर्शक विचारतो : पाणी इतका थोडा वेळच का येते? रांगेत बायका आणि मुलीच का दिसतात? पहिल्या तासाची शाळा कोणाची बुडते? उत्तरे शोधता शोधता भांडणाच्या गमतीतून नाटकाचा विषय वर येतो. जमलेली वाक्ये कोणीतरी वहीत उतरवून घेतो, पुढच्या तालमीत त्यांतली निम्मी गळतात आणि उरते ती संहिता.

या सगळ्यात दिग्दर्शकाचे अवघड काम म्हणजे हात आखडता घेणे. मुलांचे वाक्य ओबडधोबड असते. ते शुद्ध आणि चटकदार करण्याचा मोह होतो. पण ‘आईला सांगितलं तर शाळा बंद करतील’ असे एखादी मुलगी सहज बोलून जाते, तेव्हा त्याला साहित्यिक भाषेची गरज नसते. दुसरा धोका बोधाचा. व्यसनावरची नाटिका असली की शेवटी सगळे एका रांगेत उभे राहून घोषणा देतात, कारण शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांनी तेच पाहिलेले असते. दारू पिऊन आलेल्या बापाला मुलगा निमूट जेवायला वाढतो, एवढ्यावर नाटक थांबवता येते, हे त्यांना हळूहळू कळते.

नेपथ्याचा खर्च जवळपास नसतो. दोन स्टुले, एक ओढणी आणि एक बादली एवढ्यावर घर, रिक्षा किंवा पोलीस चौकी उभी राहते. अडचणी असतात त्या वेगळ्या. अंधार पडल्यावर मुलींना तालमीला पाठवायला घरचे तयार होत नाहीत, म्हणून कार्यकर्त्यांना घरोघरी जाऊन पालकांशी बोलावे लागते. परीक्षा आल्या की गट विस्कटतो, कोणाला नोकरी लागली की मुख्य भूमिकेत नवा माणूस शोधावा लागतो. नाजूक प्रश्न खासगीपणाचा. घरातली खरी घटना मुलाने सांगितली म्हणून ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर जशीच्या तशी मांडता येत नाही. नाव, नाते, ठिकाण बदलावे लागते, आणि ज्याची ती गोष्ट आहे त्याचा होकार घ्यावा लागतो.

स्वतः मतकरींची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५मध्ये मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. त्या वयात कोणी आपले लिखाण ऐकून घेतले तर काय होते, हे त्यांनी अनुभवले होते. १७ मे २०२० रोजी करोनाने त्यांचे निधन झाले. संस्थेचे कार्यकर्ते आणि मतकरी कुटुंबीय यांनी त्यानंतरही हे काम चालू ठेवले.

यातून दरवर्षी नट-नाटककार निपजतील असे नाही, आणि या कामाचे मोजमाप तेवढ्यावर करणेही बरोबर नाही. आपल्या वस्तीतला प्रश्न नेमक्या शब्दांत मांडता येणे आणि भरल्या सभेत न अडखळता बोलता येणे, ही कमाई पुढे कुठल्याही कामात उपयोगी पडते. महाराष्ट्रातल्या शहराशहरांत महापालिका शाळांची सभागृहे संध्याकाळी कुलूपबंद असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती उघडून दिली आणि नाटक जाणणारा एक धीराचा माणूस मिळाला, तर असा रंगमंच कोणत्याही प्रभागात सुरू करता येईल.