रात्रीच्या खेळाची पहिली रात्र

मालिका पाहण्याचा मला नाद नाहीं. तथापि २२ फेब्रुवारी २०१६ रोजीं झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली, त्या रात्रीं घरांतील सर्व मंडळींबरोबर मीही चष्मा पुसून बसलों. कोंकणांतील एक जुना वाडा, अण्णा नाईक या घरधन्याचा मृत्यु, त्यानिमित्त एकत्र आलेले मुलगे आणि सुना, आणि त्या सर्वांवर पसरलेली एक अनामिक भीति, अशी ती कथा. वाचकांपैकीं पुष्कळांस ती आठवत असेल.

पहिल्या आठवड्यांतच आमच्या घरीं दोन तट पडले. चिरंजीवांचें म्हणणें, ही निव्वळ अंधश्रद्धा. २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यांत असले खेळ दाखवूं नयेत! कोंकणांतूनही आक्षेप आले कीं, यानें आमच्या भूमीची नाहक बदनामी होते. हे आक्षेप मला अगदींच पोकळ वाटले नाहींत. परंतु भयानक हा आपल्या रसशास्त्रांतील एक मान्य रस आहे. दुष्यंताच्या रथापुढें धांवणाऱ्या कालिदासाच्या हरिणाचें उदाहरण अभिनवगुप्तानें याच रसासाठीं घेतलें आहे. तेथील भय हरिणाचें राहत नाहीं, आपलेंही होत नाहीं. स्थलकालाचीं बंधनें गळून तें आस्वाद्य होतें. हें मीं चिरंजीवांस सविस्तर समजावून दिलें. त्याच रात्रीं आठ वर्षांचा नातू पाणी प्यावयास एकटा स्वयंपाकघरांत जाईना, तेव्हां मला गप्प बसावें लागलें.

खरा चमत्कार निराळाच होता. मालिकेंतील पुष्कळशीं संभाषणें मालवणी होतीं. तीं लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतःच पांडू या गड्याची भूमिका करीत. पांडू कांहीं बोलला, कीं आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असूं. आमच्या सौभाग्यवती मात्र आधींच हसून मोकळ्या झालेल्या असत. त्यांचें माहेर कुडाळाकडचें, आणि मालिकेंतील वाडा सावंतवाडीनजीक आकेरीचा. म्हणजे त्यांच्या मुलखांतलाच. लग्न होऊन घरीं आल्या, तेव्हां त्यांच्या बोलण्यांतील मालवणी हेल मीं वर्गांतल्या मुलांप्रमाणें रोज दुरुस्त करीत असें. वर्षभरांत तो हेल गेला. आपण केवढें भाषाकार्य केलें, असें तेव्हां मला वाटलें होतें.

पहिला भाग संपल्यावर सूनबाईनें विचारलें, “आई, भीति नाहीं वाटली?”

“माका भ्या वाटूक नाय,” त्या सहज बोलून गेल्या, “ह्यां घर बघून आमचां घर आठावलां.”

आणि लगेच त्यांनीं माझ्याकडे पाहिलें. तें पाहणें मला वाड्यांतल्या कोणत्याही सावलीहून अधिक लागलें.

पुढें ऑक्टोबरांत मालिका संपेपर्यंत आमचा नेम चुकला नाहीं. न कळलेले शब्द मीं त्यांस विचारावे, त्यांनीं अर्थ सांगावा, मीं तो शब्द उच्चारून पाहावा. “तसां नाय,” म्हणून त्या तो पुन्हां म्हणावयास लावीत.