रिठ्याचा फेस : सौम्य कशाला म्हणायचे?

आठवीच्या वर्गात आम्ही रिठ्याचा प्रयोग करून दाखवत होतो. रात्रभर भिजवलेले रिठे चोळून बाटलीत फेस केला, तो मुलांच्या हातावर दिला. मुले खूश झाली. तेवढ्यात एका मुलाने त्याच हाताने डोळा चोळला आणि कळवळून उठला. डोळा लालबुंद झाला. आम्ही त्याला ताबडतोब नळाखाली नेले, बराच वेळ डोळ्यावर पाण्याची धार सोडली, तेव्हा कुठे आग थांबली. परत वर्गात आल्यावर त्याने विचारले, ‘‘तुम्ही तर म्हणालात की हे नैसर्गिक आहे. मग झोंबलं कसं?’’

मुलांना आधी सावध न करण्याची चूक आमची होती. पण प्रश्न मात्र लाखमोलाचा होता. ‘नैसर्गिक म्हणजे सौम्य’ आणि ‘केमिकल म्हणजे घातक’ ही वाटणी आपण इतक्या वेळा ऐकतो, की ती तपासून पाहण्याची गरजच वाटत नाही. घरी शाम्पू करणे ही ती तपासण्याची छान संधी आहे. साहित्य स्वस्त आहे, धोका थोडा आहे आणि रसायनशास्त्र भरपूर आहे.

पाणी एकटे का पुरत नाही?

डोक्याच्या त्वचेतील ग्रंथींमधून एक तेलकट पदार्थ सतत पाझरत असतो. केस कोरडे पडू नयेत म्हणून तो आवश्यकच आहे. त्यावर धूळ बसते, घाम सुकतो, शिवाय आपण वरून खोबरेल चोपडतो ते वेगळेच. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने हा थर निघत नाही.

इथे मध्यस्थाची गरज लागते. ज्याचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे टोक तेलाशी जमवून घेते, असा रेणू हवा. साबणाचा रेणू असाच असतो. तेलाकडची टोके तेलाच्या थेंबात रुततात, पाण्याकडची टोके बाहेर राहतात आणि तो थेंब अलगद उचलला जाऊन पाण्याबरोबर वाहून जातो.

रिठ्याच्या आणि शिकेकाईच्या सालीत हेच काम करणारे पदार्थ असतात. त्यांना सॅपोनिन म्हणतात. सॅपोनिनच्या रेणूत ३० कार्बन अणूंचा एक मोठा सांगाडा असतो. तो तेलाकडचा भाग. त्याला साखरेच्या लहान साखळ्या जोडलेल्या असतात. तो पाण्याकडचा भाग. रिठ्याच्या शास्त्रीय नावातील ‘सॅपिंडस’ या शब्दाचा अर्थच ‘भारतीय साबण’ असा आहे. आपल्याकडे सोनार दागिने उजळायला आणि घरोघरी लोकर व रेशीम धुवायला रिठा वापरत आले आहेत.

म्हणजे रिठ्यात ‘केमिकल’ आहे. ते झाडाने तयार केले आहे, एवढेच.

साबण, शाम्पू आणि सामू

मग साबणाने डोके धुतले तर बिघडले कुठे? याचे उत्तर समजण्यासाठी केसाकडे जवळून पाहायला हवे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला, छपरावर कौले रचावीत तसे, एकावर एक सरकलेले पातळ खवले असतात. खवले नीट बसलेले असले की केस गुळगुळीत लागतो व चमकतो. खवले उचलले गेले की केस एकमेकांत अडकतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात.

साबणाच्या द्रावणाचा सामू साधारण ९ ते १० असतो, म्हणजे ते अल्कधर्मी असते. अशा द्रावणात केस फुगतो आणि त्याच्या पृष्ठभागावरील ऋण विद्युतभार वाढतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, केसांमधील घर्षण वाढते. डोक्याच्या त्वचेचा सामू मात्र सुमारे ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. शिकेकाईचे पाणीही सौम्य आम्लधर्मी असते. शिकेकाईने धुतलेले केस मऊ लागतात, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरी अडचण दुष्फेन पाण्याची. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असले, की साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. तो केसांवर बसतो आणि केस चिकट, राठ होतात. सॅपोनिनचा असा साका सहसा होत नाही.

इथे बाजारातल्या शाम्पूवर अन्याय व्हायला नको. तो साबण नसतो. १९३० च्या दशकापासून शाम्पूत कृत्रिम अपमार्जके वापरली जाऊ लागली. तीही दुष्फेन पाण्यात साका करत नाहीत, आणि शाम्पूचा सामू हवा तसा ठेवता येतो. तेव्हा शिकेकाईची तुलना करायची तर ती अंगाच्या साबणाशी वेगळी आणि शाम्पूशी वेगळी करावी लागेल.

आणखी एक गंमत. ‘शाम्पू’ हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याकडच्या ‘चांपणे’वरून. चांपणे म्हणजे दाबणे, रगडणे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह काढून ही चंपी तिकडे लोकप्रिय केली. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

घरचा शाम्पू

आम्ही वापरतो ते प्रमाण असे :

सुकी शिकेकाई – ३० ग्रॅम
रिठे – ८ ते १० (बिया काढून फक्त साल)
आवळकाठी – १० ग्रॅम
मेथीदाणे – १ चहाचा चमचा
पाणी – पाऊण लिटर

शिकेकाईच्या शेंगा मोडून बिया काढून टाका. सर्व साहित्य रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे उकळा. भांडे मोठे घ्या, कारण फेस दुधासारखा उतू जातो. गार झाल्यावर हाताने कुस्करून मऊ सुती फडक्यातून गाळा. साधारण अर्धा लिटर तपकिरी, पातळ पाणी मिळेल. लांब केसांना ते दोन वेळा पुरते.

प्रत्येक पदार्थाचे काम वेगळे आहे. रिठा व शिकेकाई मळ काढतात. मेथी बुळबुळीत चिकट द्रव्य सोडते, त्यामुळे पाण्याला थोडा दाटपणा येतो आणि केस सुटे करायला मदत होते. आवळ्यात आम्ल आणि टॅनिन असतात. भांडे स्टीलचे घ्यायला आम्ही सांगतो ते या टॅनिनमुळे. लोखंडी कढईत आवळा उकळला की टॅनिन व लोह यांच्या संयोगातून काळा पदार्थ तयार होतो. जुन्या काळी शाई अशीच करत. वर्गात मुद्दाम एका वाटीत आवळ्याचे पाणी घेऊन त्यात गंजका खिळा टाकून ठेवा, मुलांना हा रंग पाहता येईल.

वापरताना केस आधी पाण्याने भिजवा, डोळे मिटून डोके मागे झुकवा आणि हे पाणी हळूहळू ओतत त्वचेवर बोटांनी चोळा. शाम्पूइतका फेस येणार नाही. पहिल्यांदा वापरणारे इथेच नाराज होतात आणि आणखी, आणखी ओतत राहतात. फेस म्हणजे द्रावणाच्या पातळ पडद्यात अडकलेली हवा. फेस जास्त म्हणून मळ जास्त निघाला, असे होत नाही. डोक्याला भरपूर तेल लावलेले असेल तर मात्र हे पाणी एकदा लावून पुरत नाही, दोनदा लावावे लागते. ही त्याची मर्यादा मान्य करायला हवी.

चार प्रयोग

१. बशीत पाणी घेऊन त्यावर मिरपूड भुरभुरा. मध्यभागी रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब सोडा. मिरपूड क्षणात कडेला पळते. थेंबाच्या जागी पाण्याचा पृष्ठताण कमी झाला आणि कडेच्या जास्त ताणाने पृष्ठभाग तिकडे ओढला गेला. नवीन बशीत हाच प्रयोग साबणाच्या पाण्याने करा व तुलना करा.

२. चार सारख्या बाटल्या घ्या. दोनमध्ये पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी, दोनमध्ये बोअरचे पाणी. प्रत्येक प्रकारातील एकीत साबणाचे, दुसरीत रिठ्याचे दाट द्रावण सारख्याच प्रमाणात घाला. प्रत्येक बाटली वीस वेळा हलवा. फेसाची उंची पट्टीने लगेच मोजा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. साका कोणत्या बाटलीत दिसतो? तक्ता मुलांनी स्वतः तयार करावा.

३. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या करा. साबणाच्या पाण्यात पट्टी तांबडी होते. शिकेकाईच्या पाण्यात पिवळीच राहते. शिकेकाईचे पाणी चांगले पातळ करून घ्या, नाहीतर त्याचाच तपकिरी रंग पट्टीवर चढतो. खाण्याच्या सोड्याचे पाणीही तपासा. सोड्याने केस धुण्याचा सल्ला ‘नैसर्गिक’ म्हणून दिला जातो, पण तेही अल्कधर्मी आहे. उलट टोकाला लिंबाचा रस, त्याचा सामू २ ते ३ असतो. तो तसाच डोक्यावर चोळणेही बरे नाही. सामूचा कागद मिळाला तर आकडेही काढता येतील.

४. पांढऱ्या लोकरीच्या धाग्याचे सारखे तुकडे घ्या. लोकरही केराटिनचीच असते, म्हणून ती केसाची जागा घेऊ शकते. प्रत्येक तुकड्याला दोन थेंब तेल लावा. एक नुसत्या पाण्यात, एक रिठ्याच्या, एक शिकेकाईच्या आणि एक शाम्पूच्या पाण्यात एक मिनिट खळबळून धुवा व वाळवा. मग कोऱ्या कागदात दाबून ठेवा. कागदावरचा तेलकट डाग कुठे मोठा, कुठे लहान? पाणी, वेळ, तेल हे सगळे सारखे ठेवले का, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. नुसत्या पाण्यातला तुकडा कशासाठी, हेही त्यांनाच सांगू द्या.

बाटली टिकते किती?

पहिल्यांदा हा शाम्पू केला तेव्हा उरलेला आम्ही घट्ट बुचाच्या बाटलीत भरून फडताळात ठेवला. चौथ्या दिवशी बूच उघडताच फस्स आवाज आला. आंबूस घाण वास आणि वर पांढरट साय. शर्करा, बुळबुळीत द्रव्य आणि पाणी, सूक्ष्मजीवांना आणखी काय हवे? उकळल्याने बरेचसे जीव मरतात, पण गाळताना, ओतताना नवे शिरतात. म्हणून हे पाणी ताजे करावे, उरले तर फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे. वास बदलला की टाकून द्यावे.

बाजारच्या शाम्पूत परिरक्षक द्रव्य का घालतात, ते या बाटलीने आम्हाला शिकवले. आपल्या आज्यांनी यावर वेगळी तोड काढली होती. त्या शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, संत्र्याची साल असे सगळे कडक वाळवून, कुटून डब्यात भरून ठेवत आणि लागेल तेवढेच भिजवत. पाणी नाही, तर सूक्ष्मजीवांची वाढही नाही. मात्र ही पूड दळताना नाकातोंडाला फडके बांधा. सॅपोनिनची धूळ नाकात गेली की शिंकांनी जीव हैराण होतो. शिकेकाई दळणाऱ्या गिरणीजवळून गेलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी या कामापासून दूरच राहावे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

सॅपोनिन तेलकट थर सैल करते. पेशींभोवतीचे पटलही स्निग्ध पदार्थांचेच असते. म्हणून सॅपोनिन डोळ्याच्या नाजूक आवरणाला झोंबते. प्रयोगशाळेत ते रक्तातील तांबड्या पेशी फोडू शकते. माशांच्या कल्ल्यांना ते इजा करते, आणि सॅपोनिन असलेल्या वनस्पती पाण्यात कुटून मासे पकडण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती. झाडाने हे द्रव्य आपल्या केसांसाठी बनवलेले नाही. किडी व बुरशी यांच्यापासून बचावासाठी ते त्याला उपयोगी पडते.

मग रिठा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. ज्या गुणामुळे तो मळ काढतो, त्याच गुणामुळे तो डोळ्याला झोंबतो, एवढे लक्षात ठेवायचे. सौम्यपणा पदार्थाच्या जन्मस्थानावर ठरत नाही. पदार्थ कोणता, किती दाट, त्याचा सामू किती, कुठे लागला आणि किती वेळ राहिला, यावर तो ठरतो. म्हणून नवा शाम्पू, घरचा असो की दुकानातला, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस पाहावा. खाज किंवा लाली आली तर वापरू नये. तान्ह्या बाळांना रिठा लावू नये. पोटात जाऊ देऊ नये. डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा, आणि तरी लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. वर्गातले उरलेले पाणी माशांच्या टाकीत किंवा तळ्यात ओतू नये.

पुढच्या तासाला आम्ही हे सगळे त्या मुलाला सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे पुडीवर ‘नैसर्गिक’ लिहिलं असलं, तरी आपल्याला काहीच कळलं नाही. आत काय आहे ते विचारायला पाहिजे.’’ तुमच्या वर्गातली मुले यापुढे कोणत्या पुड्या आणि बाटल्या उलटून पाहतात, ते आम्हाला जरूर कळवा.