तरण्याला कागद, म्हाताऱ्याला घोंगडं

रोपलावणीसाठी आजऱ्याला जाताना मी चांगला भारीतला रेनकोट घेतला होता. मामीनं तो चिमटीत धरून बघितला आणि खुंटीला अडकवला. "हा यष्टीत घाल," म्हणाली.

हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि आजऱ्यावरून खाली गडहिंग्लजकडे जाते. पाऊसही त्याच वाटेनं येतो, फक्त गडहिंग्लजला पोचेपर्यंत निम्मा संपलेला असतो. आजऱ्यात तो हात राखून पडत नाही. घनसाळ भाताला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या वासाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा तरी जुलैत पोटरीभर चिखलात वाकून बघावं.

अंगावर काय घ्यायचं, हे मामी नक्षत्रावर ठरवते. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस. दणकून येतो, पण सरीसरीनं. मधे उघडीप देतो. त्याला खताच्या पोत्याची खोळ किंवा प्लास्टिकचा कागद पुरतो. जुलैच्या विशीत पुष्य निघतं, तो म्हातारा. बारीकच, पण एकदा बसला की उठत नाही, आणि येतो तो वारं घेऊन. "तरणा भिजवतोय, म्हातारा गारठवतोय."

माळ्यावर एक जुनं इरलं होतं. बांबूच्या कामट्यांची जाळी, होडी पालथी घातल्यासारखी. दोन जाळ्यांच्या मधे पूर्वी पळसाची पानं असत, आता कागद. मी हौसेनं ते डोक्यावर घेतलं. वाकल्यावर काय ऐट! डोक्यापासून कंबरेपर्यंत कोरडं, दोन्ही हात मोकळे, पाठीवर पावसाचा ताशा. रोपांची पेंढी घ्यायला उभी राहिले आणि वाऱ्यानं इरलं शिडासारखं धरलं. मी चिखलात बसले, ती थेट बांधावरच्यांना दिसेल अशी. इरलं वाकणाऱ्याचं. औत धरणाऱ्याला, गुरांमागं हिंडणाऱ्याला घोंगडंच लागतं.

घोंगड्याची खोळ करणं बघण्यासारखं असतं. एका बाजूचं टोक आत दुमडायचं, दुसरं त्यावरून ओढून घ्यायचं, की डोक्यावर टोकदार टोपी तयार; बाकीचं पाठीवरून खाली. दख्खनी मेंढीची राठ लोकर मानेला टोचते. तासाभरात ते पाणी पिऊन जड होतं. मी कुरकुरले, तर मामीनं हात आत घालायला सांगितलं. आत ऊब होती. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओल घेताना थोडी उष्णताही सोडते. कागदाचं उलटं: बाहेरचं पाणी आत येत नाही, आतला घाम बाहेर जात नाही. वारं सुटलं की तोच घाम गार पडतो.

त्या रात्री मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो इंग्लंडात कॉर्नवॉलला लाटांवर फळी घेऊन सर्फिंग शिकतोय आणि वेटसूट कुठला घ्यावा म्हणून अडला होता. तिथला समुद्र ऑगस्ट-सप्टेंबरात सोळा-सतरा अंशांवर असतो. तेव्हा छातीला तीन आणि हातापायांना दोन मिलिमीटरचा सूट चालतो. सगळ्यात गार पाणी मात्र डिसेंबरात नसतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, नऊ-दहा अंश. समुद्र उशिरा निवतो. तेव्हा पाच-चारचा सूट, शिवाय हातमोजे, बूट. आपल्या कोकणच्या समुद्राला यातलं काही लागत नाही.

"त्यात पाणी शिरतं का?" मामीनं विचारलं.

"शिरतं. थोडंसं. अंगाच्या उबेनं तापतं आणि तिथंच राहतं. शिवाय त्या रबरात हवेचे बुडबुडे असतात. पण सूट ढगळ असला की गार पाणी आतबाहेर करतं."

"मग घोंगडंच की ते," मामी म्हणाली. "खोळ ढिली सोडली की वारं शिरतंय. अंगाबरोबर घे."

तो हसला. सूटची किंमत त्यानं पौंडात सांगितली, मी रुपयांत करून सांगितली, आणि मामी उठून चुलीकडे गेली. वलणीवर घोंगडं वाळत होतं. धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास घरभर होता. तिनं काठ चाचपला, अजून दमट होता. पंचांगात दुसऱ्या दिवशी पुष्य निघत होतं. तिनं घोंगडं उलटून टाकलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.