धातूचा कंठ आणि विजेची जोड

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा एक जुनी गिटार घेऊन आमच्या घरी आला. अंग लाकडी व सडपातळ, मध्यभागी भोके पाडलेले ताटलीएवढे चकचकीत झाकण, आणि शिवाय विजेची तार जोडण्याची सोय. अमेरिकेतील मोझराइट कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘दोब्रो’ या नावाने विकलेले हे वाद्य होते. खालच्या दोन तारा छेडल्या की आत काहीतरी खुळखुळे. एका दुकानात त्याला सल्ला मिळाला होता की, आतला जुना शंकू फेकून नवा बसवावा आणि झाकणाला झकास पॉलिश करून घ्यावे. “मामा, काय करू?” असे त्याने मला विचारले. या प्रश्नाच्या निमित्ताने जे वाचले व पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

गिटार हे मूळचे मृदू आवाजाचे वाद्य. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रंगभूमीवर पितळी वाद्यांच्या गजरात ते ऐकूच येईना. जॉर्ज बोशाँ नावाच्या वादकाला मोठ्या आवाजाची गिटार हवी होती. तो लॉस एंजेलिस येथील जॉन डोपेरा या कारागिराकडे गेला. जॉनचा जन्म १८९३ सालचा, स्लोव्हाकियातील. १९०८ साली त्याचे कुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले होते. त्याने ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पत्र्याचे तीन शंकू धातूच्या गिटारीत बसविले. तारांचे कंपन घोडीतून शंकूंत उतरे, आणि ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याप्रमाणे ते शंकू आवाज फेकीत. १९२७ साली ‘नॅशनल’ या नावाने ही गिटार बाजारात आली.

परंतु भागीदारांत बेबनाव झाला. जॉन बाहेर पडला आणि भावांसह त्याने नवी कंपनी काढली. ‘डोपेरा’ आणि ‘ब्रदर्स’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘दोब्रो’ हे नाव तयार झाले. स्लोव्हाक भाषेत त्याचा अर्थ होतो ‘चांगले’. परक्या देशात दुकान थाटताना मायबोलीतला शब्द पाटीवर लावण्यातला आनंद आपल्याला निराळा समजावून सांगावयास नको! या नव्या रचनेत एकच मोठा शंकू वाडग्यासारखा उताणा बसविलेला असे. त्याच्या काठावर आठ पायांचा एक धातूचा ‘कोळी’ उभा, त्या कोळ्याच्या पाठीवर घोडी, आणि मध्यभागी कोळी व शंकू यांना जोडणारा एक स्क्रू. नॅशनलचा आवाज धारदार, तर दोब्रोचा काहीसा नाकातला, पण गोड व रेंगाळणारा.

दैवाची गंमत अशी की, या शंकूला मागे सारणारा शोधही त्याच बोशाँने लावला. ॲडॉल्फ रिकेनबॅकर या स्विस वंशाच्या उद्योजकाबरोबर त्याने १९३१–३२ मध्ये लोहचुंबकाच्या पिकअपची विद्युत गिटार तयार केली. आकारामुळे तिला ‘तवा’ असेच म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडा फिरवून वाजवीत. मुंबईत ज्यांचे बालपण गेले, त्यांना रेडिओवर ऐकलेली व्हॅन शिपली यांची चित्रपटगीतांची धून आठवत असेल. तीही याच विद्युत हवाइयन गिटारीच्या कुळातली.

आवाज विजेने वाढू लागल्यावर शंकूचे प्रयोजन काय? प्रयोजन आवाजाच्या मोठेपणात नव्हे, त्याच्या गुणात उरले. तथापि शंकू व वीज यांचा संसार सोपा नाही. चुंबकाचा पिकअप फक्त पोलादी तारांचे कंपन टिपतो. शंकूचा स्वर त्याला थेट ऐकू येत नाही. शंकू तारेची शक्ती जितक्या वेगाने शोषून घेतो, तेवढाच त्याचा ठसा विजेच्या आवाजात उमटतो. उलट, ॲम्प्लिफायरचा आवाज फार वाढविला तर तोच पातळ पत्रा थरथरू लागतो आणि शिट्टी सुरू होते. म्हणून अलीकडे पुष्कळ वादक शंकूचा स्वर टिपण्यासाठी निराळा मायक्रोफोन लावतात.

आता वाद्याच्या प्रकृतीविषयी. तारांच्या सततच्या दाबाने जुना शंकू कालांतराने खचतो. कोळ्याचा एखादा पाय काठापासून सुटतो. पिकअपमधील केसासारखी तांब्याची तार गंजून तुटते, आणि आवाजाची बटणे खरखरतात. अश्दोदची खारी हवा धातूला मानवत नाही, तर बेर-शेवाचा कोरडा उन्हाळा लाकडाला मानवत नाही. वाद्य पेटीत ठेवावे, आणि ती पेटी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कधीही सोडू नये. झाकण उघडण्यापूर्वी तारा हळूहळू सैल कराव्यात. शंकूला बोटाने दाबून पाहू नये. पडलेला पोचा सहसा पूर्ण निघत नाही. झाकण कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. घासून पॉलिश केल्यास जुना मुलामा उडतो आणि तो परत येत नाही.

अखेर आम्ही एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी तारा उतरविल्या, झाकण बाजूला केले आणि दिव्याच्या उजेडात बराच वेळ पाहिले. शंकू धड होता. मधला स्क्रू सैल झाला होता आणि कोळ्याचा एक पाय अधांतरी होता, एवढेच. पाऊण तासात खुळखुळ थांबली. भाच्याने तार छेडली तेव्हा तो रेंगाळणारा स्वर खोलीभर पसरला, आणि म्हातारेबोवांनी डोळे मिटून घेतले.

जॉन डोपेरा १९८८ साली निवर्तला. त्याच्या हयातीत कंपनीचे नाव अनेक हातांतून फिरले. मोझराइटचे दिवाळे निघाल्यावर ते काही काळ डोपेरा कुटुंबाकडे परतही आले होते. १९९३ साली ते गिब्सन कंपनीने घेतले. नाव कोणाचेही असो, त्या पातळ पत्र्यात त्याचा स्वर अद्याप शाबूत आहे. शाळेत मी मुलांना सांगत असतो की, खोडरबर उचलण्यापूर्वी चूक नेमकी कोठे आहे ते शोधावे. जुन्या वस्तूंच्या बाबतीतही हाच नियम पाळावा. नवा शंकू केव्हाही विकत मिळेल; फेकून दिलेला जुना मात्र पुन्हा मिळणार नाही.