तमक श्वास

तमक श्वास : आयुर्वेदात वर्णिलेल्या पाच श्वासरोगांपैकी चिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार. महाश्वास, ऊर्ध्वश्वास व छिन्नश्वास हे मारक मानले आहेत. क्षुद्रश्वास श्रमाने येतो व आपोआप शमतो. व्यवहारातील दमा तो तमक श्वास, असे सामान्यतः समजतात. परंतु वर्षानुवर्षे वाढत जाणारा श्वासनलिकांचा अवरोधही पुष्कळ अंशी याच वर्णनात बसतो. चरकसंहितेने (चिकित्सास्थान, अध्याय १७) हा रोग नवा असताना साध्य व एरवी याप्य म्हटला आहे. याप्य म्हणजे समूळ न जाणारा, पण पथ्य व औषध चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा.

वायू उलट फिरून प्राणवह स्रोतसांत शिरतो व कफाला चाळवतो. त्यामुळे पडसे, घशात घुरघुर व तीव्र धाप ही लक्षणे होतात. रोग्याला आडवे पडवत नाही, बसल्याने बरे वाटते. कफ सुटला की घटकाभर आराम पडतो. ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी वेग वाढतो. कारणांत धूळ व धूर यांचा स्पष्ट निर्देश आहे. चुलीच्या धुराने स्त्रियांना होणाऱ्या फुप्फुसविकारांच्या संदर्भात तो आजही लक्षात घेण्याजोगा आहे. रोगाचा उगम मात्र छातीत नव्हे, तर पित्तस्थानी मानला असल्याने पचनाकडे विशेष लक्ष देतात.

वेगात छातीला सैंधवयुक्त तेल चोळून शेक देतात. त्याने घट्ट कफ पातळ होतो. नंतर रोगी बलवान व कफप्रधान असेल तरच वमन व विरेचन द्यावयाचे असते. दुर्बळ, वृद्ध, बालक व वातप्रधान रोगी यांना शोधन वर्ज्य असून त्यांचे पोषण व शमन करतात. कृश करणाऱ्या उपचारांपेक्षा पुष्टी देणाऱ्या उपचारांत धोका कमी, हा चरकाचा निर्णय फार व्यवहारी आहे. जुनाट फुप्फुसविकारात शरीर झिजतेच.

औषधांत पुष्करमूळ, कचोरा, भारंगी, रिंगणी, अडुळसा, सुंठ व पिंपळी ही प्रमुख होत. वेग नसताना च्यवनप्राश, वर्धमान पिंपळी यांसारखी रसायने देतात. आहार उष्ण, हलका व वातानुलोमक असावा. दही, थंड पाणी व रात्रीचे जड जेवण टाळावे.

अडुळशातील व्हॅसिसीन या अल्कलॉइडाच्या आधारे ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. धोतऱ्याच्या धूम्रपानाने श्वासनलिका सैल पडतात, हे भारतात पूर्वीपासून माहीत होते. त्याच वर्गातील ॲट्रोपिनापासून बनविलेले इप्राट्रोपियम आज हुंगण्याच्या औषधांत वापरतात. धोतरा स्वतः विषारी असून मात्रा थोडी चुकली तरी भ्रम व मृत्यू ओढवू शकतो. पारदयुक्त रसौषधींबाबतही तज्ञ वैद्याची देखरेख आवश्यक असते. ओठ निळे पडणे किंवा बोलताना वाक्य पुरे न होणे ही लक्षणे दिसताच प्राणवायू व आधुनिक उपचार तत्काळ द्यावे लागतात. हुंगण्याचे चालू औषध परस्पर बंद केल्याने असा वेग ओढवण्याचा संभव असतो.