चाकांवरचे घर, दोघांची सफर

'कॅरव्हॅन' हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो. पण तो मूळचा फारसीतील 'कारवाँ'. उंटांवर माल लादून व्यापारी सोबतीने निघत, त्या काफिल्याचे हे नाव. म्हणजे शब्द आपल्याच पेशातला. युरोपात त्याचा अर्थ बदलला आणि आज तिथे या नावाने चाकांवरचे घर ओळखले जाते. मोटारीच्या मागे जोडून ओढावी लागते ती कॅरव्हॅन. ज्या घराला स्वतःचे इंजिन असते ते मोटारहोम.

ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी या देशांत मुले मार्गी लागल्यावर अनेक नवरा-बायको असे घर घेऊन दोघेच फिरतात. त्यांना त्यात कोणता आनंद मिळतो, हे आज आम्ही समजावून सांगणार आहोत. कारण तो आनंद महागड्या हॉटेलातला नाही. दुकानाला आणि कारखान्याला बांधलेल्या आपल्यासारख्या लोकांनी तो समजून घ्यावा असा आहे.

सुरुवात एका व्यापाऱ्यापासून

जर्मनीतील या प्रकाराची सुरुवात एका धंदेवाल्या घरातून झाली. दक्षिण जर्मनीत इस्नी नावाचे गाव आहे. तिथे डेथलेफ्स घराण्याचा चाबूक बनविण्याचा कारखाना होता. पुढे ते बर्फावरील खेळाचे हातमोजेही बनवू लागले. घरातील तरुण आरिस्ट डेथलेफ्स माल विकण्यासाठी आठवडेच्या आठवडे फिरतीवर असे. त्याची जोडीदार फ्रिडेल एडेलमान चित्रकार होती. तिला मागे राहणे पसंत नव्हते. दोघांना मिळून जाता येईल आणि तिला चित्रेही काढता येतील, असे काहीतरी तिला हवे होते. तेव्हा १९३१ मध्ये आरिस्टने मोटारीमागे ओढता येईल असे एक लहान घर स्वतः बांधले. जर्मनीतील ती पहिली कॅरव्हॅन मानली जाते. लोकांनी पाहिली, मागणी आली, आणि चाबकांचा कारखाना कॅरव्हॅनचा कारखाना झाला. तो आजही इस्नीतच आहे.

आपल्या धंद्यातील माणसाला यातील मर्म लगेच कळेल. खरेदीसाठी सुरत, मालेगाव, इचलकरंजी. वसुलीसाठी आणखी दहा गावे. आपले अर्धे आयुष्य गाडीत आणि लॉजमध्ये जाते. घरवालीच्या वाट्याला येते डबा बांधून देणे आणि परतीची वाट पाहणे. नातेवाइकांची लग्ने सोडली तर दोघांनी मिळून प्रवास केला असे किती प्रसंग निघतील, याची मोजणी प्रत्येकाने मनाशी करावी.

आत काय असते

दोघांसाठीचे मोटारहोम साधारण सहा ते सात मीटर लांब असते. फियाट डुकाटोसारख्या मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर ते बांधतात. आत पलंग, दोन माणसांचे टेबल, गॅसची शेगडी, लहान फ्रिज, मोरी आणि शौचकूप. स्वच्छ पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरची असते. वापरलेले पाणी दुसऱ्या टाकीत साठते. शौचकुपाखाली एक पेटी असते, ती बाहेरून काढून ठरलेल्या जागीच रिकामी करावी लागते. दिव्यांसाठी वेगळी बॅटरी असते. ती गाडी चालताना भरते, शिवाय छपरावर सौर पाटी बसविता येते.

वजनाचा हिशेब मात्र कडक. तिथे साध्या मोटारीच्या परवान्यावर मालासह ३५०० किलोपर्यंतची गाडी चालविण्याची मुभा राहिली आहे, म्हणून बहुतेक मोटारहोम त्या हद्दीत बांधतात. रिकामी गाडीच तीन हजार किलोच्या घरात जाते. उरलेल्या चार-पाचशे किलोंत माणसे, पाणी, गॅस, कपडे आणि शिधा बसवायचा. कापसाची एक गाठ १७० किलोची. म्हणजे तीन गाठींपेक्षा कमी वजनात दोघांचा सारा संसार. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो तिथेच गेले. म्हणून जुने मुसाफिर दोन ताटे, दोन पेले, दोन खुर्च्या एवढेच घेतात. जाड टॉवेल ठेवत नाहीत. तो वजनाला भारी आणि वाळायला उशीर.

कापडवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. या गाड्यांतील पलंग जागेप्रमाणे कापलेले असतात. काहींचा पायाकडचा एक कोपराच नसतो. बाजारातील ठराविक मापाची चादर त्यावर बसत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये खास मापाच्या चादरी शिवून देणारे कारागीर आहेत. शिलाईचे काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आनंद कशात आहे

पहिला आनंद असा की सामान एकदाच लावायचे. रोज बॅग भरणे नाही, खोली शोधणे नाही. आपली उशी, आपला चहा, आपला मसाला बरोबर. स्वयंपाक आपल्या हाती असल्याने परक्या मुलुखात खाण्याची चौकशी दारोदार करावी लागत नाही. नमाजेची वेळ झाली की गाडी बाजूला घ्यावी. वुजूचे पाणी आणि जागा दोन्ही घरातच.

दुसरा आनंद कामाच्या वाटणीचा. एक चालवतो, दुसरा नकाशा पाहतो. मुक्कामी गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून हाताने इशारा करायचा. जमीन उतरती असेल तर चाकाखाली पाचर सरकवायची. टेबलावरील पेल्यातले पाणी समपातळीत दिसले की झोप नीट लागणार. निघताना गॅस बंद, झरोका बंद, कपाटांच्या कड्या लावल्या, पायरी आत घेतली, हे एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. वीस वर्षे एकाने दुकान आणि दुसऱ्याने घर सांभाळले असेल, तर अशा कामात दोघे पुन्हा एकमेकांचे भागीदार होतात.

तिसरा आनंद मुक्कामाचा. फ्रान्समध्ये अनेक गावांच्या नगरपालिकांनी मोटारहोमसाठी थांबे केले आहेत. तिथे पाणी भरता येते, घाण पाणी सोडता येते. सकाळी चालत जाऊन गावच्या भट्टीतून गरम पाव आणायचा आणि दाराबाहेर खुर्च्या टाकून नाश्ता करायचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला काही रस्ते एका गाडीपुरते अरुंद आहेत. ठराविक अंतरावर बाजूला थांबण्याची जागा असते. समोरच्याला वाट द्यायची, त्याने हात वर करून आभार मानायचे. घाई करून तिथे काही मिळत नाही. संध्याकाळी छपरावर पाऊस वाजतो, आत दोन पेले चहा आणि गप्पा.

अडचणीही पाहाव्यात

गाडी महाग, डिझेल जास्त खाते, आणि वर्षातून चार आठवडे वापरली तर उरलेले महिने ती भांडवल अडवून उभी राहते. म्हणून जाणकार आधी भाड्याने घेऊन पाहतात. शिवाय जागा इतकी थोडी की एक उभा राहिला तर दुसऱ्याने बसावे लागते. कुरबुर होतेच. दोघांपैकी एकानेच सगळे ठरविले तर सफर ओझे होते. आजचा रस्ता एकाने ठरविला तर उद्याचा दुसऱ्याने ठरवावा.

आपल्याकडे

केरळ सरकारने २०२१ मध्ये 'केरवान केरला' ही योजना जाहीर केली. तीत दोघांसाठीच्या गाड्यांचाही विचार आहे. महाराष्ट्र सरकारनेही त्याच वर्षी कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. आपल्याकडे अशी गाडी बहुधा चालकासह भाड्याने मिळते. घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: रात्री गाडी कुठे उभी राहणार, पाणी कुठे भरणार, घाण पाणी कुठे सोडणार आणि चालक कुठे झोपणार. शक्यतो दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त धावू नये.

ज्यांना भाडे परवडणार नाही त्यांनीही हा धडा घ्यावा. दिवाळीची गर्दी ओसरली की बाजार काही दिवस मंद असतो. त्या वेळच्या खरेदीच्या फेरीत घरवालीला बरोबर न्यावे. डबा, चहाचा थर्मास आणि चटई घ्यावी, आणि काम आटोपल्यावर एक दिवस जादा राहावे. कुठे जायचे ते तिला विचारावे. आरिस्ट डेथलेफ्सने घर बांधण्यापूर्वी हेच केले होते. जोडीदाराला काय हवे ते त्याने आधी ऐकून घेतले.