गोरेगाव ते गोरेगाव, इंजिनाशिवाय

आम्ही गोरेगावचे, असे सांगितले की मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "पूर्व की पश्चिम?" मग समजावून सांगावे लागते, की आमचे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातले, धानाच्या बांध्यांचे, तलावांचे. दोन्ही गोरेगावांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ८०० किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेसने दुपारी गोंदियाहून निघालो, तर मुंबईला दुसरी सकाळ उजाडते. जवळजवळ एवढेच अंतर दोन माणसांनी कापडी पंखाखाली पालथे पडून, इंजिनाशिवाय, एका दिवसात कापले आहे.

ती तारीख ३ जुलै २०१२. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या झपाटा गावाजवळून अमेरिकेचा डस्टिन मार्टिन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉनी ड्युरँड हँग ग्लायडर घेऊन निघाले. सुमारे ११ तासांनंतर मार्टिन ७६४ किलोमीटरवर उतरला, ड्युरँड ७६१ वर. आमच्या गावाहून निघाले असते, तर नाशिक मागे टाकून कल्याणच्या आसपास पोहोचले असते!

आमच्या धाकट्याने हे वाचले आणि घरात एकच धोशा लावला : "पुण्याकडे कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतात. बारावी झाली की मी जाणार." अम्मीचा घास हातातच राहिला. "बिरसीला विमान चालवायला शिकवतात, ते तरी इंजिनाचे असते," एवढेच ती म्हणाली.

नाही म्हणणे सोपे होते. पण नुसत्या नकाराने मुलांच्या मनातले जात नाही, ते फक्त आपल्यापासून लपते. म्हणून आम्ही ठरवले, की आधी समजून घेऊ.

समजायला लांब जावे लागले नाही. मार्चअखेरीस अंगणात मोहफुले वाळत असतात. दहा-अकराच्या सुमारास ऊन तापले की वर घारी दिसू लागतात. पंख न हलवता गोल गोल फिरत त्या उंच चढतात. जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर उठते. घार त्या उठत्या हवेत राहते, इतकेच. हँग ग्लायडरचा वैमानिकही तेच करतो. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर ताणलेला पंख, खाली पट्ट्यांना अडकवलेला माणूस. तो आपले वजन इकडेतिकडे सरकवून दिशा बदलतो. हवा वर नेते आहे की खाली, हे एक छोटे यंत्र आवाज करून सांगते.

आधुनिक हँग ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून शांत हवेत साधारण १५ किलोमीटर जातो. नुसते घसरत ७६४ किलोमीटर जायचे, तर ५० किलोमीटर उंची हवी! म्हणजे दिवसभर पुन्हा पुन्हा उठती हवा शोधायची आणि चढायचे. एखाद्या वेळी ती सापडली नाही, की प्रवास संपला. त्यातून झपाट्याच्या पुढचा पट्टा काटेरी झुडपांचा. तिथे उतरायला जागा कमी. त्या दिवशी दोघे बराच वेळ बरोबर उडाले. एकाला चढती हवा मिळाली की दुसऱ्याला ती दिसे. प्रतिस्पर्धीच एकमेकांचे वाटाडे झाले.

मग आम्ही मुलाला जुनी गोष्ट सांगितली. नवव्या शतकात अंदलुसमधील कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिर्नास यांनी पंख लावून झेप घेतल्याचे इतिहासकार अल-मक्करी यांनी लिहून ठेवले आहे. अल-मक्करी कित्येक शतकांनंतरचे. पण त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट फार मोलाची आहे. इब्न फिर्नास काही अंतर उडाले, मात्र उतरताना त्यांना इजा झाली, कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. जर्मनीचे ओटो लिलिएंथाल यांनी तर हजारांहून अधिक उड्डाणे केली. १८९६ मध्ये त्यांचा ग्लायडर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आधी उतरायला शिकायचे."

त्याच वाक्यावर घरात समेट झाला. अटी तीन : वय अठरा पूर्ण, शिकवणारा अनुभवी, आणि वारा बिघडला तर त्या दिवशी जमिनीवरच राहायचे, मित्र कितीही हसोत. शेवटची अट पाळणे सर्वांत अवघड, हे त्याला आणि आम्हालाही ठाऊक आहे. उडण्याची हिंमत मुलांत असतेच. "आज नको" म्हणण्याची मात्र घरातून द्यावी लागते.

अम्मीने अजून होकार दिलेला नाही. पण परवा मोहफुले उलथताना तिने वर पाहिले आणि त्यालाच विचारले, "ती घार खाली यायला लागली, ती दमली म्हणून की हवा संपली म्हणून?"

तो अंगणात तिच्याजवळ बसला आणि समजावून सांगू लागला.